एका कागदावर मावेल एवढे

मराठी घरात 'फंक्शन' हा शब्द आता इतका रुळला आहे की तो परका असल्याची आठवणही कोणाला उरलेली नाही. मुंज, साखरपुडा, डोहाळजेवण, साठीशांत ही सगळी फंक्शनेच. त्यांच्याविषयी वडीलधाऱ्यांचे मतही ठरलेले असते: फंक्शन आटोपशीर असावे. आलेली माणसे समाधानाने जेवून घरी जावीत, यजमान कर्जात बुडू नये, आणि आपण नेमके कशासाठी जमलो होतो हे पाहुण्यांना शेवटपर्यंत आठवत असावे.

माझा धंदा संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा. तीस वर्षे तो करीत आलो. या धंद्यातही 'फंक्शन' नावाची एक वस्तू आहे. आणि मौज अशी की तिच्याविषयी जगभरच्या जाणत्यांनी दिलेला सल्ला आमच्या आजीच्या सल्ल्याहून फारसा निराळा नाही. फंक्शन आटोपशीर असावे, असेच तेही म्हणतात. वरवर पाहिले तर ही कारागिरीची बाब, सुताराने रंधा कसा धरावा याच्यासारखी. ती दिवाळीच्या फराळाबरोबर घरोघरच्या वाचकांपुढे कशाला ठेवायची, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की ही गोष्ट कारागिरीच्या दाराने आत येते, पण जाऊन बसते ती नीतीच्या माजघरात. कशी, ते सांगतो.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. चकलीची कृती सांगताना सुगरण 'भाजणीचे पीठ घ्या' एवढेच सांगते. तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती, उडदाची किती, धने-जिरे कोणत्या प्रमाणात, धान्य कितपत भाजायचे, हे ती तिथे सांगत बसत नाही. ते सारे 'भाजणी' या एका शब्दात बांधलेले असते. ज्याला हवे त्याने भाजणीची कृती वेगळी पाहावी. ज्याला चकल्याच पाडायच्या आहेत त्याने त्या शब्दावर विश्वास टाकून पुढे जावे. आज्ञावलीतले फंक्शन हे असेच असते. कामाच्या एका तुकड्याला नाव द्यायचे, त्याला कोणती सामग्री लागेल ते ठरवायचे, त्यातून काय बाहेर पडेल ते ठरवायचे. आणि मग जिथे जिथे ते काम पडेल तिथे नुसते त्याचे नाव घ्यायचे. मोठी आज्ञावली म्हणजे अशा हजारो नावांनी एकमेकांना मारलेल्या हाका.

या युक्तीचे वय फार नाही. इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली बांधलेला 'एडसॅक' नावाचा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. त्याच्यावर काम करणाऱ्यांत डेव्हिड व्हीलर हा तरुण विद्यार्थी होता. एकदा लिहिलेला तुकडा पुन्हा पुन्हा कसा वापरावा, आणि तो पुरा झाला की संगणकाने जिथून आला तिथेच कसे परतावे, याची रीत त्याने बसवली. अशा तुकड्यांच्या, छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्या कपाटात नीट लावून ठेवलेल्या असत. ज्याला जो तुकडा हवा तो त्याने तिथून घ्यावा. १९५१ साली विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी आज्ञावल्या लिहिण्याच्या विद्येवर पुस्तकही काढले. हेतू सरळ होता: कष्ट वाचावेत. तेच गणित दहा जणांनी दहादा कशाला मांडायचे?

कष्ट वाचवण्यासाठी काढलेल्या या युक्तीचा आणखी मोठा उपयोग आहे, हे ध्यानात यायला मात्र पुढची वीस वर्षे जावी लागली.

फंक्शन लांब आहे की आखूड, याचे संगणकाला सोयरसुतक नसते. पाच ओळींचे असो की पाच हजार ओळींचे, तो सारख्याच निमूटपणे एकेक आज्ञा उचलतो आणि पाळतो. तो थकत नाही, त्याचा धागा सुटत नाही, 'मघाशी काय म्हणालात?' असे तो विचारीत नाही. तेव्हा आटोपशीरपणाचा हा नियम यंत्रासाठी केलेला नाही, हे उघड आहे. तो माणसासाठी आहे. आणि त्यातही लिहिणाऱ्यापेक्षा, नंतर येऊन वाचणाऱ्यासाठी अधिक. लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्या दिवशी सारे ताजे असते. वाचणारा दोन वर्षांनी येतो, दहा वर्षांनी येतो. बहुधा तो अनोळखी असतो, घाईत असतो, आणि काहीतरी बिघडले आहे म्हणूनच आलेला असतो.

ही गोष्ट ज्याने सर्वांत स्पष्टपणे मांडली तो हॉलंडचा एड्स्गर डायक्स्ट्रा. हा गृहस्थ १९५७ साली अॅमस्टरडॅममध्ये लग्नाला उभा राहिला, तेव्हा दप्तरात धंदा लिहायचा होता. त्याने आपला धंदा आज्ञावलीकार असा सांगितला. नगरपालिकेने तो मानला नाही. असा धंदाच नाही म्हणाले. शेवटी नोंद झाली ती 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' अशी. हा किस्सा त्याने स्वतःच १९७२ साली ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात सांगितला. त्या भाषणाचे नाव 'नम्र आज्ञावलीकार' असे होते, आणि त्याचा गाभा असा की माणसाची कवटी लहान आहे. तिच्यात एका वेळी फार मावत नाही. हे ज्याला मनापासून पटले तोच बऱ्या आज्ञावल्या लिहील. चलाखीच्या करामतींपासून त्याने चार हात दूर राहावे. मला या भाषणात विद्येपेक्षा विनयच अधिक दिसतो. पहिल्याच पिढीतला एवढा बुद्धिमान माणूस आपल्या बुद्धीची हद्द मोजून दाखवतो, आणि म्हणतो, काम या हद्दीत बसवा.

ही हद्द किती, याचा शोध मानसशास्त्राने आधीच सुरू केला होता. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली लिहिलेल्या निबंधात, माणसाला एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरता येतात, दोन कमी वा दोन अधिक, असा अंदाज मांडला होता. २००१ साली नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे जसजसे अधिक बारकाईने पाहिले तसतशी आपली झोळी लहानच ठरली.

मग कारागिरांनी आपापली मापे ठरवली. 'लिनक्स' ही संगणकप्रणाली हजारो स्वयंसेवकांनी आणि नोकरदारांनी मिळून लिहिली आहे. तिच्या लेखनशैलीच्या नियमांत म्हटले आहे की फंक्शन संगणकाच्या पडद्यावर एका, फार तर दोन दर्शनांत मावावे. मंगळावर याने पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतले जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली दहा नियम सांगितले. त्यांतला एक नियम असा, की कोणतेही फंक्शन छापले तर एका कागदावर मावले पाहिजे. म्हणजे सुमारे साठ ओळी. पृथ्वीपासून कोट्यवधी मैलांवर जाणाऱ्या यंत्राच्या सुरक्षिततेचे माप शेवटी कागदाच्या एका तावाला येऊन टेकावे, यात मला मोठे शहाणपण वाटते.

लांबीपेक्षाही फाटे महत्त्वाचे. 'असे असेल तर हे कर, नसेल तर ते कर' असे जिथे येते तिथे वाट दुभंगते. टॉमस मकेब यांनी १९७६ साली हे फाटे मोजण्याची रीत दिली आणि एका फंक्शनला दहाची मर्यादा सुचवली. दहाच का, ते हिशेब केला की अंगावर येते. एकामागून एक असे दहा फाटे असले तर त्यांतून जाण्याच्या वाटा होतात १,०२४. फाटे वीस झाले की वाटा दहा लाखांवर जातात. हे वीस फाटे एकाच फंक्शनमध्ये कोंबलेले असतील, तर सगळ्या वाटा चालून पाहणारा माणूस जन्माला यायचा आहे. पण तेच काम दहा-दहा फाट्यांच्या दोन फंक्शनांत विभागले, आणि एकाने दुसऱ्याच्या घरात लुडबूड केली नाही, तर पाहायच्या वाटा उरतात १,०२४ आणि १,०२४. म्हणजे दोन हजारांच्या थोड्या वर. दहा लाख कुठे आणि दोन हजार कुठे! आटोपशीरपणाचे सारे गणित या एका वजाबाकीत आहे. मात्र त्यातली अट विसरू नये: लुडबूड केली नाही तर.

लुडबूड म्हणजे काय, ते मी २००९ साली एका कार्यालयात पाहिले. निवृत्तिवेतन वाटणारे ते कार्यालय. नाव सांगण्याचे कारण नाही. काही वृद्ध बायकांचे कुटुंबनिवृत्तिवेतन अचानक थांबले होते, आणि का थांबले ते कोणालाच उमगत नव्हते. त्यांतली एक आजी तिसऱ्यांदा खिडकीवर आली, तेव्हा काय झाले ते तिथल्या कारकुनानेच मला सांगितले. आजीने नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरला होता. त्याची पावती तिने रुमालात बांधून आणली होती.

"अहो साहेब, मी जिवंत आहे, ते दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय हो आजी. पण संगणकात खातं बंद दाखवतंय, त्याला मी तरी काय करू?"

कारकून माणूस चांगला होता. हे सांगताना त्याची मान खाली गेली होती.

आज्ञावली उघडली. दोष जिथे निघाला त्या फंक्शनचे नाव, मराठीत सांगायचे तर, 'महागाई भत्ता काढ' असे होते. एवढ्या साध्या नावाखाली सातशेहून अधिक ओळी होत्या. पहिल्या दीडशे ओळी खरोखरच भत्ता काढीत होत्या. पुढे कोणीतरी थकबाकीचा हिशेब घातला होता. त्याच्यापुढे कोणीतरी पत्त्यातले बदल. आणि त्याच्याही पुढे, दाखल्याची तारीख तिथे आयती हाताशी होती म्हणून, 'दाखला नसेल तर खाते थांबव' अशा चार ओळी कोणीतरी ठेवून दिल्या होत्या. कुटुंबनिवृत्तिवेतनाची नवी पद्धत आली तेव्हा आणखी एकाने तिची सोय केली. पण या चार ओळी त्याला दिसल्याच नाहीत. त्या ओळी दाखला शोधत होत्या तो मूळ निवृत्तिवेतनधारकाच्या नावावर, म्हणजे बाईच्या दिवंगत नवऱ्याच्या. मेलेल्या माणसाचा हयातीचा दाखला! तो मिळणार कसा? जुन्या विधवांच्या नोंदी निराळ्या ठिकाणी असल्याने त्या वाचल्या. नव्या अकराजणी मात्र भत्त्याचा दर बदलताच एका रात्रीत बंद पडल्या. दोष सापडायला आम्हाला नऊ दिवस लागले. दुरुस्त करायला दहा मिनिटे.

कोणी म्हणेल, झाले ना दुरुस्त? चूक माणसाच्या हातून व्हायचीच. तिच्यात नीती-अनीतीचा काय संबंध? मलाही चुकीबद्दल काही म्हणायचे नाही. चुकणे हा माणसाचा धर्मच आहे. पण चूक होणे ही एक गोष्ट, आणि चूक कोणाला सापडणारच नाही अशा अडगळीत काम करून ठेवणे ही दुसरी. वाण्याचा हिशेब चुकला तर गिऱ्हाईक वही मागते, बेरीज पुन्हा करते, आणि भांडण तिथेच मिटते. वहीच गिचमिड असेल तर मात्र भांडणालाही जागा उरत नाही. वाणी म्हणेल ते खरे. आणि इथे तर वाणीही नाही! खिडकीवरचा कारकून म्हणतो, संगणकात तसे आहे. त्याचा साहेब म्हणतो, आज्ञावलीत तसे आहे. आज्ञावलीकार सातशे ओळींकडे पाहून म्हणतो, मी आलो तेव्हा ते असेच होते. प्रत्येक जण खरे बोलत असतो. आणि अकरा बायकांच्या घरी तीन महिने पैसे गेलेले नसतात.

जे कोणालाच नीट समजत नाही, त्याची जबाबदारीही कोणाची राहत नाही. आटोपशीर फंक्शनांचा आग्रह मला नीतीचा वाटतो तो एवढ्यासाठी. ज्या सत्तेपुढे माणसाला 'का?' असे विचारता येत नाही तिला आपण जुलमी म्हणतो. पूर्वी 'वरून हुकूम आहे' या शब्दांनी तोंड बंद होई. आज 'संगणकात तसे आहे' या शब्दांनी होते. फरक इतकाच की वरच्या हुकुमामागे निदान कोणीतरी बसलेले असे. संगणकाच्या हुकुमामागचा माणूस शोधायचा तर त्याने लिहिलेले वाचता आले पाहिजे. वाचता येईल असे लिहिणे म्हणजे आपल्याला जाब विचारण्याचा दरवाजा दुसऱ्यासाठी उघडा ठेवणे. प्रामाणिकपणाची मला याहून सोपी व्याख्या ठाऊक नाही.

इथे नावाचाही प्रश्न येतो. 'महागाई भत्ता काढ' हे नाव खोटे होते असे म्हणता येणार नाही. ते अपुरे होते. त्या नावाने एक वचन दिले होते, आणि आत त्या वचनाबाहेरची चार कामे गुपचूप होत होती. चांगल्या फंक्शनची आमच्या धंद्यातली एक साधी परीक्षा आहे: ते काय करते ते एका वाक्यात सांगा. सांगताना 'आणि' म्हणावे लागले, तर थांबा. तिथे बहुधा दोन फंक्शने एका घोंगडीखाली निजलेली आहेत. 'भत्ता काढतो आणि खाते बंद करतो' हे वाक्य कोणी मोठ्याने उच्चारले असते, तर त्याचे त्यालाच ते खटकले असते.

पण या सातशे ओळी लिहिल्या कोणी? मला तिथे गुन्हेगार कोणी सापडला नाही. नऊ वर्षांत पाच हातांनी त्या लिहिल्या होत्या, आणि प्रत्येकाने आपापल्या वाट्याच्या ओळी तेवढ्या घातल्या होत्या. जुन्या वाड्याला जशी कोणी पडवी काढतो, कोणी पोटमाळा घालतो, कोणी जिन्याखाली न्हाणी बांधतो, आणि शेवटी दिवसाही कंदील घेऊन फिरावे लागते, तसेच ते होते. प्रत्येकाजवळ कारण होते. उद्या सकाळी काम हवे होते. साहेब दारात उभे होते. चार ओळींसाठी सारे घर कोण पाडतो? पाप एकाचे असते तर बोट दाखवता आले असते. इथे आळस पाच जणांत वाटला गेला होता, आणि वाटलेला आळस कोणाच्याच अंगाला लागत नाही. म्हणून मला वाटते, या बाबतीतली नीती मोठ्या प्रसंगाची वाट पाहत नाही. ती त्या चार ओळी घालण्याच्या क्षणी असते. 'यांची जागा इथे नाही. यांना वेगळे नाव, वेगळे घर दिले पाहिजे' असे म्हणून अर्धा तास अधिक खर्च करायचा की नाही, एवढाच तो प्रश्न. त्या अर्ध्या तासाबद्दल कोणी शाबासकी देत नाही. टळलेली चूक कोणाला दिसतच नसते.

आता दुसरी बाजू. आटोपशीरपणाचे गुणगान ऐकून कोणी म्हणेल, तर मग सगळेच तोडून तोडून लहान करू या. तसे करणारेही आहेत. रॉबर्ट मार्टिन यांच्या २००८ सालच्या पुस्तकात, फंक्शने लहान असावीत, आणि त्याहूनही लहान असावीत, असा आग्रह आहे. उलट, जॉन औस्टरहाउट यांनी २०१८ सालच्या आपल्या पुस्तकात बजावले, की नुसते बारीक तुकडे केल्याने सोपेपणा येत नाही. तुकड्याचे तोंड लहान आणि पोट मोठे असावे. थोडक्यात सांगता येईल असे नाव, आणि आत भरघोस काम. मला दुसरे म्हणणे अधिक पटते. तीन-तीन ओळींची तीनशे फंक्शने वाचणे म्हणजे कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हेलपाटे घालणे. प्रत्येक टेबलावरचा मनुष्य सज्जन असतो, पण काम कुठे होते ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. लिनक्सच्या नियमांतही ही जाण आहे: काम लांब पण सरळ असेल, नुसती निरनिराळ्या प्रसंगांची यादीच असेल, तर फंक्शन लांब असायला त्यांची हरकत नाही.

आखूड म्हणजे सोपे नव्हे, हे तर आपल्या परंपरेला अडीच हजार वर्षांपासून ठाऊक असायला हवे. पाणिनीने संस्कृत भाषेचे व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत बसवले. शेवटचे सूत्र तर अवघ्या दोन अक्षरांचे आहे. काशीत राहिलेले मराठी पंडित नागोजी भट्ट यांच्या परिभाषेन्दुशेखरात, अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, अशा अर्थाचे वचन आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले कीलहॉर्न यांनी गेल्याच्या आधीच्या शतकात या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. त्या लाघवाचे कौतुक कोणाला नाही? पण ते लाघव पाठांतरासाठी होते. ते समजावे म्हणून कात्यायनाला वार्तिके लिहावी लागली, पतंजलीला महाभाष्य लिहावे लागले, आणि गुरू जवळ बसलेला असावा लागला. आमच्या आज्ञावलीच्या वाचकाजवळ गुरू नसतो. तो नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून आम्हाला सूत्राची कंजुषी परवडत नाही. आम्हाला हवे ते आखूड आणि सुबोध, आणि दोहोंतून एकच निवडायची वेळ आली तर सुबोध.

आटोपशीर आणि सुबोध असूनही भागत नाही, याचेही दाखले आहेत. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कूरू येथून उडालेले युरोपचे 'आरियान ५' हे अग्निबाण चाळीसेक सेकंदांतच आकाशात फुटले. चौकशीत निघाले ते असे: आधीच्या 'आरियान ४' साठी लिहिलेला आज्ञावलीचा एक भाग जसाच्या तसा नव्या बाणात घेतला होता. आडव्या वेगाशी निगडित असा एक आकडा, जिथे ३२,७६७ च्या वर काही मावत नाही अशा जागेत तो भरीत असे. जुन्या बाणाचा वेग तेवढा कधी होतच नसे, नव्याचा झाला. त्यात दुःखाची गोष्ट अशी की उड्डाणानंतर त्या भागाचे नव्या बाणात काही कामच नव्हते. तुकडा आपल्या जुन्या घरी निर्दोष होता. 'आकडा एवढ्याच्या वर जाणार नाही' हे गृहीत त्याच्या जन्माशी बांधलेले होते, आणि नव्या घरी नेताना ते कोणी पडताळले नाही. माणसाने लहान वाक्य बोलावे हे ठीक. पण त्या वाक्याला ज्याचा आधार आहे तेही सांगावे, नाहीतर लहान वाक्यच मोठे फसवे ठरते.

दुसरा दाखला २०१४ सालचा. अॅपल कंपनीच्या फोनांतली, आपण खऱ्याच संकेतस्थळाशी बोलतो आहोत ना हे तपासणारी आज्ञावली. त्यात एकच ओळ चुकून दोनदा लागोपाठ उमटली होती. दुसऱ्यांदा आलेल्या त्या ओळीमुळे शेवटची सहीची तपासणी वगळली जाई, आणि सारे ठीक असल्याचा निर्वाळा मिळे. हे फंक्शन काही सातशे ओळींचे नव्हते. कागदाच्या तावाच्या आसपासचेच होते. पण त्यात एकाच ठेवणीच्या ओळी इतक्या वेळा येत होत्या की डोळा त्यांवरून घसरत गेला. म्हणजे मापात बसणे पुरेसे नाही. मात्र एवढे खरे, की दोष उघड झाल्यावर कोणालाही ते पान उघडून, बोट ठेवून 'ही ती ओळ' असे दाखवता आले. सातशे ओळींच्या अरण्यात आम्हाला त्यासाठी नऊ दिवस लागले होते.

तेव्हा ओळी मोजणे हा या नियमाचा देह झाला. त्याचा आत्मा निराळा आहे. एखाद्या अनोळखी, साधारण बुद्धीच्या, थकलेल्या माणसाला ते फंक्शन एका बैठकीत वाचून, मनापासून, 'होय, नावात सांगितले आहे ते हे करते, आणि त्याखेरीज काही करीत नाही' असे म्हणता येते का? येत असेल तर शंभर ओळींनाही माझी ना नाही. येत नसेल तर दहा ओळीही जास्तच.

हा प्रश्न आता निकालात निघाला, असे तरुण मंडळी मला सांगतात. आज्ञावल्या लिहायला आता माणूस लागतोच कशाला? काय हवे ते साध्या भाषेत सांगितले की यंत्रच दोनशे ओळी मिनिटभरात पुढ्यात टाकते. बिघडले तर त्यालाच दुरुस्त करायला सांगावे. मग वाचणार कोण, आणि आटोपशीरपणा कोणासाठी? मी या यंत्रांचा शत्रू नाही. रोज ती वापरतो. पण मला यातून उलटेच दिसते. लिहिण्याचे कष्ट होते तोवर लांबीला थोडा तरी लगाम होता. हात दुखत असे. आता लिहिणे फुकट झाले आणि वाचणे मात्र पूर्वीइतकेच महाग राहिले. माणसाची झोळी अजून तेवढीच आहे, सातची किंवा चारची. आणि त्या दोनशे ओळींखाली सही कोणाची? यंत्र खिडकीवर येऊन आजींना उत्तर देणार नाही. जो माणूस 'हे ठीक आहे' असे म्हणून त्या ओळी कामाला लावतो त्याचीच ती सही. आणि न वाचता केलेल्या सहीला आपल्या समाजात काय म्हणतात, ते वडिलोपार्जित जमिनी गेलेल्या घरांना विचारावे.

म्हणून मी माझ्याजवळ शिकायला येणाऱ्या मुलामुलींना एकच सांगतो. तुम्ही लिहिता ते आज ना उद्या कोणाच्या तरी पगारावर, औषधावर, रेल्वेच्या तिकिटावर, म्हातारपणाच्या पैशावर हुकूम चालवणार आहे. ज्याच्यावर हुकूम चालेल तो तुमचे लिहिणे कधी वाचणार नाही. त्याला ते वाचता यायचेही नाही. पण त्याच्या वतीने ते कोणीतरी वाचील, आणि त्या कोणाला तरी ते समजेल, एवढी तजवीज तुमच्या हातात आहे. सणाच्या दिवशी आपण दारात पणती लावतो ती घरातल्यांना उजेड कमी पडतो म्हणून लावीत नाही; येणाऱ्याला पायरी दिसावी म्हणून लावतो. येणारा कोण, हे लावताना आपल्याला ठाऊक नसते.